हळदी जर्सीचा हंगाम

काल सकाळी नव्या हंगामाचं वेळापत्रक आलं. मेल उघडली, बोटानं खाली खाली सरकवत गेले आणि आमच्या क्लबच्या नावापुढे माझं नाव दिसलं. पहिला सामना रविवारी, इथल्या घड्याळात दुपारी एकला. मी चहा घेत होते, चहा घेतच राहिले. मंदार, माझा नवरा, दारात सायकल उलटी करून पंक्चर काढत बसला होता. त्यानं मान न वळवता विचारलं, "कुणाची मेल गं?" मी म्हटलं, "थायलंडची." तो "अच्छा" म्हणाला आणि ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे शोधू लागला. मागच्या वर्षाबद्दल विचारावं की नाही हे त्याला कळत नाही, आणि कळत नसेल तेव्हा तो सायकल दुरुस्त करतो. आमच्या सायकली सध्या फार चांगल्या चालतात.

न्यूनेनमध्ये, आमच्या या डच गावात, ऑगस्ट म्हणजे सगळे सुट्टीवरून परत आलेले असतात. समोरचे आजोबा कॅरॅव्हॅन धुऊन ठेवतात, गावाबाहेरचा मका डोक्याच्या वर गेलेला असतो, सुपरमार्केटात शाळेच्या वह्या दारातच मांडलेल्या असतात. इथल्या लोकांचं वर्ष या सगळ्यानं सुरू होतं. माझं मात्र चार वर्षं झाली, ऑगस्टमध्ये एका थाई पंचाच्या शिट्टीनं सुरू होतं आणि वसंतात संपतं. मागचा हंगाम संपला त्या दिवशी, शेवटच्या सामन्याच्या सहासष्टाव्या मिनिटाला, कोल्हापुरात माझे वडील गेले. आईनं फोनवर सांगितलं. आणि मी सामना संपेपर्यंत काम करत राहिले. हे मी मंदारलाही धड सांगितलेलं नाही, आणि आईसमोर तर चक्क खोटं बोलले आहे.

आधी काम काय ते सांगते, कारण सांगितल्याशिवाय कुणाला पटत नाही. ईशान्य थायलंडमध्ये एका जिल्ह्याच्या गावचा हा फुटबॉल क्लब. मी तिथं कधी गेले नाही, जाण्याची शक्यताही नाही. पण त्यांचा प्रत्येक सामना मी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून बघते आणि चेंडूला झालेला प्रत्येक स्पर्श नोंदवते. कुणी, कुठून, काय केलं. डाव्या हाताची बोटं कृतीवर: पास, टॅकल, फटका, थ्रो. उजव्या हाताची बोटं खेळाडूच्या नंबरवर. हे सगळं त्याच क्षणी कुठं कुठं जातं, प्रशिक्षकांकडे, वाहिन्यांकडे, आणखी कुणाकडे, मला माहीत नाही. मी विचारलेलंही नाही. दोन संघांना दोन माणसं असतात, मी हळदी जर्सीवाल्यांची. मधेच उठायची वेळ आली तर पडद्यावर कोपऱ्यात एक लाल बटण आहे. ते दाबलं की अर्ध्या मिनिटात राखीव माणूस तुमची जागा घेतो. काही कारण द्यावं लागत नाही.

लग्न करून आले तेव्हा मी डिपेंडंट व्हिसावर होते, आणि तो शब्द मला फार लागायचा. बी.कॉम. करून, दोन वर्षं बँकेत काढून, इथं येऊन कुणावर तरी अवलंबून. म्हणून ही जाहिरात दिसल्यावर चाचणी देऊन टाकली. ॲमस्टरडॅमच्या झुइडास या ऑफिसांच्या भागात एका काचेच्या इमारतीत बोलावलं, सगळे उंच उंच पोरगे आणि मी एकटी बाई, पंजाबी ड्रेसवर रेनकोट घातलेली. पावसातल्या सामन्याची वीस मिनिटं दाखवली. चिखलानं सगळ्यांचे नंबर झाकलेले. पोरगे पडद्याला नाक लावून बसले आणि मी सगळे खेळाडू ओळखले. तिथल्या योस्ट नावाच्या पर्यवेक्षकानं विचारलं, हे कसं केलंस? मी सांगितलं, चालीवरून. माझा बाप फुटबॉल खेळायचा, आणि मी कोल्हापूरची आहे. पहिली गोष्ट त्याला कळली.

कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे हे बाहेरच्यांना सांगून उपयोग नाही. पेठापेठांत वैर असतं, सोयरीक जुळवतानासुद्धा मुलगा कुठल्या तालमीचा हे बघणारी माणसं मी पाहिली आहेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या पेठेतल्या संघात डावे बचावपटू होते. दिवसा उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये टर्नर, संध्याकाळी मैदानात. मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे. बायका-पोरी नसायच्या तिथं फारशा, पण अण्णांना कोण बोलणार. कठड्यावर बसवून सांगायचे, "चेंडू काय, सगळेच बघत्यात. तू माणूस बघ. चेंडू नसताना तो काय करतोय ते बघ." मी पाय हलवत माणसं बघायचे. कोण धावताना एक खांदा पाडतो, कोण थकला की मोजे खाली करतो. त्याचा पुढं पगार मिळेल असं तेव्हा कुणाला वाटलं असतं.

म्हणून असेल, पण हा थाई क्लब मला पहिल्या दिवसापासून परका वाटला नाही. मैदानाला एकाच बाजूला छप्पर. दुसऱ्या बाजूला मातीचा उतार, त्यावर छत्र्या घेऊन बसलेली माणसं, प्लास्टिकच्या पिशवीतला चिकट भात बोटांनी खाणारी. ढोलवाले आहेत, ते हरतानाही थांबत नाहीत. क्लबचा अध्यक्ष तिथला पुढारी, आणि फलकावर त्याचा फोटो अख्ख्या संघापेक्षा मोठा. हे फोनवर ऐकून अण्णा खूश झाले होते. सामना सुरू व्हायच्या आधी खेळाडू रांगेत उभे राहून प्रेक्षकांना हात जोडतात. हंगामाच्या पहिल्या सामन्याला एक भिक्षू येतात आणि झाडूसारख्या काड्यांच्या जुडीनं सगळ्यांच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. पंचाच्याही डोक्यावर शिंपडतात. आणि पलीकडच्या गोलमागे, भिंत संपली की लगेच ऊस.

गेल्या वर्षी जुलैत अण्णांना अर्धांगाचा झटका आला. मी तीन आठवडे जाऊन राहिले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली, उरला एकच शब्द. "हाण." मैदानात चेंडू गोलासमोर आला की ओरडतात तो. आई विचारायची, चहा देऊ? "हाण." पंखा बंद करू? "हाण." डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा खोलवर बसलेला शब्द राहतो. आईनं देवाचं नाव राहिलं असतं तर बरं झालं असतं असं एकदा म्हटलं आणि मग स्वतःच हसायला लागली. अण्णाही हसले, अर्ध्या तोंडानं. तसे ते त्या तीन आठवड्यांत बऱ्याचदा हसले. मी मात्र परत येताना विमानात बसले ती बधिर होऊनच बसले. जेवण आलं, जेवले. लोक पडदे बघत होते, मीही बघितला.

परत आल्यावर मी एक नियम मोडला. सामन्याचं चित्रण आम्ही कुणालाही दाखवायचं नसतं, सही केलेली आहे तशी. मी सामना सुरू व्हायच्या आधी आईला व्हिडिओ कॉल लावायचे, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवायचे आणि कॅमेरा लॅपटॉपकडे करायचे. तिकडे आई तिचा फोन अण्णांच्या पलंगाशेजारी स्टुलावर, तांब्याला टेकवून ठेवायची. तिकडे दुपारचे साडेचार, इकडे एक. मला त्यांचा चेहरा दिसायचा नाही, फोनची पाठ माझ्याकडे असायची. एका कानावर हेडफोन, त्यात ढोलांचा आवाज, दुसरा कान उघडा. त्या उघड्या कानात मधूनच यायचं, "हाण."

तो हंगाम मला असा तुकड्या-तुकड्यानंच आठवतो. सप्टेंबरात तिथं एवढा पाऊस की चेंडू लाथाडला तरी जागेवरच. बावीस माणसं पाण्यात उभी राहून त्याला ढोसत होती, आणि कुठला स्पर्श मोजायचा हे मला ठरवता येत नव्हतं. आई म्हणाली, "हे काय म्हशी धुवायल्यात व्हय?" ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं मागं गेली आणि सामने बाराला येऊ लागले. सकाळी फोडणी देऊन, कुकर लावून बसायचे. माझी मुलगी रेवा पोहण्याच्या क्लासहून ओल्या केसांनी यायची आणि डचमध्ये विचारायची, जिंकले का? मी मराठीत सांगायचे, नाही. ती डचमध्ये म्हणायची, मग तू दुसरा संघ का नाही घेत? नोव्हेंबरात खिडकीबाहेर धुकं, समोरचं घर नाही, झाड नाही, आणि पडद्यावर घामानं निथळणारी माणसं. जानेवारीत तिथं ऊसतोड सुरू झाली. कॅमेरा फिरला की गोलमागच्या रस्त्यावर उसाचे ट्रक, मोळ्या बाहेर लोंबत. आई म्हणाली, "आपल्यासारखंच की." त्या वेळी कोल्हापुरातही आमच्या घराबाहेरून ट्रॅक्टर जात होते, त्यांचा आवाज मला फोनवरून यायचा.

अण्णांचा जीव तेवीस नंबरवर. तोही डावा बचावपटू, वयानं थोराड, चालताना बुटात खडा गेल्यासारखा चालायचा. थाई नावं लांबलचक, पण खेळाडूंना तिथं घरगुती छोटी नावं असतात. त्याचं नाव होतं 'मू'. अर्थ विचारला तर डुक्कर. आमच्या गल्लीतली टोपणनावं ऐकली असती तर त्यानं तक्रार केली नसती. मूकडे चेंडू आला की उघड्या कानात हमखास "हाण", आणि मू काही हाणायचा नाही, शांतपणे जवळच्याला द्यायचा. मला वाटतं अण्णाही तसेच खेळायचे. ओरडणारे वेगळे असतात आणि खेळणारे वेगळे.

काम करताना मला काही वाटत नाही हे लोकांना विचित्र वाटतं. पण वाटून चालत नाही. गोल झाला की स्टेडियम नाचतं, आणि मला शेवटचा पास कुणाचा, फटका कुठल्या पायानं हे तीन सेकंदांत द्यावं लागतं. चेंडू बाहेर गेला की माझ्या लेखी काही घडतच नाही. कुणी रडतंय, कुणी कुणाला मिठी मारतंय, त्याला बटण नाही. पहिल्या वर्षी मला हे शिकावं लागलं, तिसऱ्या वर्षी ते कामाबाहेरही यायला लागलं. रेवा सायकलवरून पडली तेव्हा तिचं कोपर फुटलेलं बघून माझ्या मनात आधी आलं ते म्हणजे डावं कोपर. मग जवळ घेतलं. ते रेवाच्या लक्षात आलं नसावं, पण माझ्या आलं.

मार्चपासून क्लब घसरत गेला. शेवटचे तीन संघ खालच्या साखळीत ढकलले जातात, आणि आम्ही त्या रेषेवर लोंबकळत होतो. अण्णांचंही तसंच चाललं होतं. खाणं कमी झालं, "हाण" कमी झालं. आई म्हणायची, "तसं बरं हाय." मंदार दोनदा म्हणाला, जाऊन ये. मी म्हटलं, सीझन संपू दे, मग निवांत महिनाभर राहीन. शेवटचा सामना रविवारी होता, मी सोमवारचं तिकीट काढलं. रेवाची शाळा, माझं काम, अशी कारणं मी सगळ्यांना सांगितली. खरं कारण एवढंच होतं की मला तिथं जाऊन बघायचं नव्हतं. स्टुलावरच्या फोनमधून जे ऐकू येत होतं तेवढंच मला झेपत होतं. हे भित्रेपण आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

त्या रविवारी बरोबरी झाली तरी आम्ही खाली जाणार होतो, जिंकणं भागच होतं. मंदार रेवाला हॉकीला घेऊन गेला होता. पहिल्या हाफमध्ये शून्य-शून्य. दुसऱ्या हाफमध्ये पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास त्यांनी एक घातला, साठाव्याला आम्ही फेडला. उघड्या कानात बराच वेळ काही आलं नव्हतं. मी बोटं चालवत विचारलं, "आई, बघतायत का?" आई म्हणाली, "डोळं मिटून पडल्यात." मग चार-पाच मिनिटांनी, मू थ्रो घ्यायला रेषेकडे चालला होता तेव्हा, आई म्हणाली, "अगं, अण्णा गेलं तुझं."

मी म्हटलं, "हं."

मूनं थ्रो घेतला आणि मी तो नोंदवला. मग दुसरा कानही झाकला, हेडफोन दोन्हीकडून घट्ट ओढून घेतले. लाल बटण दिसत होतं. ते दाबायचा विचार आला, आणि विचार आला तोच एका टॅकलची नोंद करावी लागली. पुढची चोवीस मिनिटं आणि वरची सहा, मी काय केलं हे मला सगळं सांगता येईल, कारण ते लिहिलेलं आहे. कोण कुठून कुठं पास देत होता, सगळं. जादा वेळेत मू पुढं आला, कधी येत नाही तो आला, आणि पेनल्टी बॉक्सच्या कडेवरून डाव्या पायानं त्यानं हाणला. गोल. मातीच्या उतारावरून माणसं खाली पळत आली, ढोलवाला ढोल टाकून रडत होता. मी नोंदवलं: तेवीस, डावा पाय, बॉक्सच्या आत. रेषेच्या आत होता की बाहेर हे मी पुन्हा एकदा बघून खात्री करून घेतली. शिट्टी झाल्यावर हेडफोन काढले. माझ्या फोनची बॅटरी संपून तो बंद पडला होता. मला वाटलं, आईनं मघाशीच ठेवला असेल.

उठून कप धुतला. दोरीवरचे कपडे काढून घड्या केल्या, रेवाचे वेगळे, आमचे वेगळे. मंदार आल्यावर सांगितलं. तो रडला, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतंच. पोचले तोवर चुलतभावानं अग्नी दिला होता, मला तिसऱ्या दिवसाची राख मिळाली. बायका जवळ येऊन बसायच्या, माझा चेहरा बघायच्या, वाट बघायच्या. काकीनं सरळच विचारलं, "तुला कळलं तवा काय करत हुतीस गं?" मी म्हटलं, "काम. बंद केलं आणि बसले तशीच." "बसणारच की," काकी म्हणाली. आई समोर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

परत आले तर योस्टची मेल आलेली. प्रत्येक सामन्यानंतर तो आमच्या नोंदी तपासतो, पाच-सहा चुका सगळ्यांच्याच निघतात. त्यानं लिहिलं होतं, दुसऱ्या हाफमध्ये तुझी एकही चूक नाही, असं मी आजवर बघितलं नाही, अभिनंदन. मी ती मेल पुसली. मग कचऱ्याच्या पेटीतून काढून परत ठेवली. कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

तेव्हापासून असंच आहे. उन्हाळा आला, गेला. स्ट्रॉबेरी आणल्या, खाल्ल्या. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे गेले, तिनं विचारलं झोप लागते का, भूक लागते का. दोन्ही लागतात. मग तिला काही लिहून देता येईना. मला रडू येत नाही याचं दुःख होतं असंही नाही, फक्त एक लाज आहे, ती सकाळी उठल्याबरोबर असते. अण्णांची नाही, आईची. तिनं मला हाक मारली होती, आणि मी हेडफोन ओढून घेतले होते.

काल वेळापत्रक आल्यावर मेल अर्धी लिहिली की मला हा क्लब नको, दुसरा द्या. मग ती तशीच ठेवून आईला फोन लावला. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, टरफलांचा आवाज येत होता. पावसाचं झालं, गॅस सिलिंडरचं झालं, रेवाचं झालं. मग मी म्हटलं, "आई, एक सांगायचं होतं. त्या दिवशी तू सांगितलंस, तरी मी काम बंद केलं नव्हतं. म्याच संपेपर्यंत करत होते. काकीला मी खोटं सांगितलं."

"ठाऊक हाय की मला," आई म्हणाली.

"कसं?"

"फोन चालूच हुता न्हवं. तुझी बटणं वाजत हुती."

टरफलांचा आवाज चालूच होता. मी म्हटलं, "मग ठेवला का नाहीस गं फोन?"

"कशाला ठेवू? बरं वाटत हुतं. तू हितंच आतल्या खोलीत काय तरी करायलीस, असं वाटत हुतं. त्यांचा हात धरून बसले मग, म्याच बघत. मला काय कळतंय त्यातलं. पण शेवटाला गोल झाला न्हवं, त्या हळदी शर्टवाल्याचा?"

"झाला."

"व्हय. मग मी त्यांच्या कानात सांगितलं. म्हटलं, झाला बघा गोल."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. फोन बंद पडला. मग उठले, आणि शेजारच्या माईंना हाक मारली."